फौजी कधी बसत नाही

माजी सैनिकांच्या त्या दवाखान्यात दर मंगळवारी सकाळी तेच नाटक व्हायचं, आणि दर मंगळवारी ते बघून माझ्या डोक्यात तिडीक जायची. डॉक्टरसाहेब खुर्चीत बसलेले. रांगेतला माणूस आत आला की आधी ताठ उभा राहायचा. कंबरेला पट्टा असो, गुडघ्याला बँडेज असो. हातात काठी असली तर ती दाराबाहेर भिंतीला टेकवून यायचा. साहेब विचारायचे, "कैसे हो? कोई तकलीफ?" आणि तो म्हणायचा, "नहीं साब. ठीक हूँ." साहेब मान खाली घालून लिहायचे की मागच्याच गोळ्या चालू ठेवा. माणूस वळायचा, बाहेर येऊन काठी उचलायचा आणि व्हरांड्यातल्या बाकावर टेकताना त्याच्या तोंडून असं काही कण्हणं निघायचं की शेजारचा पटकन हात पुढे करायचा.

अहो, ज्याला काहीच तकलीफ नाही तो पहाटेची एसटी पकडून जळगावला कशाला येईल? सोन्याची दुकानं बघायला? एवढा साधा प्रश्न त्या खोलीत कुणालाच पडत नव्हता.

मी मानसशास्त्राची. राहते धुळ्याला, देवपुरात, आणि तिथल्याच एका कॉलेजात शिकवते. गेली कित्येक वर्षं माझं संशोधन एकाच गोष्टीवर चाललंय. फौजेतून परत आलेल्या माणसांचं जे दुखणं जखम भरून आली तरी जात नाही, त्याचं पुढे काय होतं आणि त्याच्याकडे कोण बघतं, यावर. हे सांगितलं की लोकांचे चेहरे बघण्यासारखे होतात. दुखणं म्हणजे हाडांच्या डॉक्टरचं काम, त्यात ही बाई काय करणार? माझ्या सासूबाई तर शेजारणींना सांगायच्या की सून "सैनिकांची डॉक्टर" आहे, आणि वर हळूच जोडायच्या, "म्हणजे तशी डॉक्टर नाही." मी घरी आल्यावर नवरा चहा टाकता टाकता विचारायचा, "आज कुणाशी भांडून आलीस?" कुणाशीच नाही म्हटलं तर म्हणायचा, "मग तब्येत बरी नाही का तुझी?"

खरं सांगायचं तर त्या दवाखान्याने मला येऊ दिलं तेच मुळी चुकीच्या समजुतीने. त्यांना वाटलं, बाई मानसशास्त्राची आहे, म्हणजे कोण खरं दुखतंय म्हणतो आणि कोण सोंग करतो ते ही बरोबर ओळखून देईल. पहिल्याच दिवशी साहेब मला हसून म्हणाले होते, "मॅडम, तेवढे आमचे नाटकी लोक वेगळे काढून द्या, म्हणजे खऱ्यांकडे बघायला वेळ मिळेल." साहेब स्वतः फौजेतले निवृत्त डॉक्टर. माणूस वाईट नव्हता. वेळेवर यायचा, एकही पेशंट न बघता परत पाठवायचा नाही, औषधाच्या बाबतीत हात आखडता घ्यायचा नाही. पण त्यांच्या डोक्यात एक गणित पक्कं बसलेलं होतं. ज्याला दुखतं तो सांगतो. जो सांगत नाही त्याला दुखत नाही. आणि जो फार सांगतो तो नाटकी. सांगा, या तीन वाक्यांत माणसाला सुटायला जागा कुठे आहे?

मी माझी खुर्ची आतल्या खोलीतून उचलली आणि व्हरांड्यात, लिंबाच्या सावलीत नेऊन ठेवली. तिथे बाकावर माणसं बोलायची. साहेबांसमोर ज्याला काही तकलीफ नव्हती, तो तिथे सांगायचा की रात्री कूस बदलायची झाली तर आधी बाजेची कड धरावी लागते. दुसरा सांगायचा की नातवाला उचलून घेत नाही, आणि पोराला वाटतं आजोबा रागावलेत. मी विचारायचे, "मग आत का नाही सांगितलं?" तर माझ्याकडे असं बघायचे की मीच काहीतरी अभद्र बोलले. एकाने मला समजावून सांगितलं. फौजेत त्यांचे साहेब यायचे, रांगेसमोर उभे राहून विचारायचे की कुणाला काही तकलीफ आहे का, आणि अख्खी रांग एका आवाजात नाही म्हणायची. बर्फात, उन्हात, तापात, सगळीकडे तेच. तो प्रश्न उत्तरासाठी विचारतच नसत, ताई, असं तो म्हणाला. तो राम राम घालण्यासारखा होता.

आणि इथे आमचे साहेब तोच राम राम घालायचे, आणि आलेलं उत्तर तपासणी म्हणून लिहून ठेवायचे.

मी त्यांना हे सांगितलं नाही असं समजू नका. एकदा नाही, दहादा सांगितलं. म्हटलं, साहेब, उभं करून विचारू नका, बसवून विचारा. दुखतं का असं विचारू नका, हल्ली कोणती कामं सुटली ते विचारा. बायको बरोबर आली असेल तर तिलाही आत घ्या. ते शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "मॅडम, मी यांना तुमच्यापेक्षा जास्त ओळखतो." इथे मी हात टेकायचे.

त्याच व्हरांड्यात मला आबा भेटले.

चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला त्यांचं गाव. घरची केळीची बाग. फौजेत हवालदार होते. डोंगरातल्या रस्त्यावर गाडी उलटली, आबा गाडीखाली आले, पाठीच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि काही वर्षांनी ते घरी आले. अंगाने उंच, मिशा भरघोस, बोलणं अगदी मोजकं. बायको नेहमी बरोबर असायची. गाव तिला अक्का म्हणायचं, मीही अक्काच म्हणायला लागले. आबा व्हरांड्यात कायम उभे. बाक रिकामा असला तरी उभे. मी म्हणायचे, "आबा, बसा ना." ते म्हणायचे, "नको ताई, बरं आहे." मग अक्का माझ्याकडे बघायची आणि काही न बोलता पदर सारखा करायची. चोपड्याहून येणाऱ्या एसटीत जागा असूनही ते दांडा धरून उभेच येतात, हे मला पुढे कळलं.

गोळ्या मात्र ते मूठभर खात होते. दुखणं मारायच्या त्याच त्या गोळ्या, वर्षानुवर्षं. आणि आता रक्त तपासल्यावर दिसायला लागलं होतं की मूत्रपिंडं कुरकुर करताहेत. हे साहेबांनाही मान्य होतं, गोळ्या बंद कराव्या लागतील असं ते स्वतःच म्हणाले होते. पण गोळ्या बंद केल्या तर हा माणूस सकाळी अंथरुणातून कसा उठणार, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. माझ्याकडे होतं, आणि दवाखान्यात व्यायाम करून घेणाऱ्या बाईंकडेही होतं. पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात फक्त अशाच दुखण्यांवर उपचार करणारा विभाग आहे. तिथे नसेपाशी इंजेक्शन देतात, मग हळूहळू हालचाल शिकवतात, झोप सुधारायला मदत करतात, बोलायला माणूस देतात. हे सगळं एकत्र झालं तरच अशा पाठीचं काही होतं. नुसत्या गोळ्यांनी आबांची मूत्रपिंडं गेली असती आणि पाठ तिथेच राहिली असती. पुण्याला पाठवायला एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे आमच्या साहेबांची शिफारस. आणि साहेब म्हणत होते, "त्याला मी दर वेळी विचारतो. तो ठीक आहे म्हणतो."

थंडी पडली. खानदेशात थंडी पडली की भरीत पार्ट्या सुरू होतात. शेतात तुरीच्या काड्यांच्या जाळावर मोठाली हिरवी वांगी भाजायची, ती ठेचायची, वर कांद्याची पात, मिरची, शेंगदाणे, आणि केळीच्या पानावर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर हाणायचं. आबांच्या मळ्यात दर वर्षी मोठी पार्टी व्हायची. त्या वर्षी त्यांनी दवाखान्यातल्या सगळ्यांना बोलावलं. साहेब प्रमुख पाहुणे. मीही गेले.

बागेच्या कडेला जमिनीवर पोती अंथरून लांबलचक पंगत बसली. साहेब मांडी घालून पहिल्या पानावर. आणि आबा हातात भरताचं पातेलं घेऊन वाढत होते. एक पंगत उठली, दुसरी बसली, तिसरी बसली. आबा ताठ उभे राहून वाढताहेत, आग्रह करताहेत, हसताहेत. वाढताना ते वाकत नव्हते, हे माझ्या डोळ्यांनी टिपलं. लांब दांड्याचा डाव होता त्यांच्याकडे, मुद्दाम करून घेतलेला असावा. गुडघे किंचित दुमडायचे आणि तो डाव खाली सोडायचे.

माझ्या शेजारी गावातले एक म्हातारे नाना बसले होते. ते कौतुकाने सांगत होते, "आमना फौजी पंगतमां कधी बठस नही. बठ्ठासले वाढस, मंग खास. इतला वरीस झाया, कधी बठना नही." आधी सगळ्यांना वाढणार, मगच स्वतः खाणार, म्हणून पलीकडच्यांनीही माना डोलावल्या. लग्न असो, बारसं असो, दिवस असोत, फौजी वाढायलाच उभा. असा सेवाभावी माणूस तालुक्यात नाही, असं सगळ्यांचं मत. साहेबांनी तर सगळ्यांसमोर सांगून टाकलं की ही फौजेची शिस्त, आधी जवानांना जेवू घालायचं आणि मग आपण.

हातातला घास मी तसाच पानावर ठेवला आणि उठून मळ्यातल्या झोपडीच्या मागे गेले. तिथे अक्का आबांचं ताट झाकून ठेवत होती, बाजेपाशी एका उंच पेटीवर. मी विचारलं, "अक्का, आबा जमिनीवर शेवटचं कधी बसले?"

ती थांबली. मग म्हणाली, "घर उनात तव्हयपाईन नही बठनात." घरी आल्यापासून नाही. "बठनात ते उठता येस नही. लोकेसमोर कसं उठाडू? म्हणून वाढतस." तिने ताटावरची परात सरळ केली. "लोके म्हणतस कितला भला माणूस. माले रडू येस."

वर्षानुवर्षं अख्खं गाव ज्याला सेवाभाव म्हणत होतं, ती एका माणसाची लपायची जागा होती. आणि गावाने कौतुक करकरून त्याला त्या जागेतून बाहेर यायची सोयच ठेवली नव्हती. मला कुणाचा जास्त राग आला होता ते अजूनही सांगता येत नाही. गावाचा, साहेबांचा, की आबांच्या त्या मिशीतल्या हसण्याचा. तिसरी पंगत उठल्यावर आबा झोपडीमागे आले. मला बघून त्यांनी पुन्हा खांदे सरळ केले. मी म्हटलं, "माझ्यासमोर कशाला, आबा?" पेटीवरचं ताट त्यांनी हातात घेतलं आणि उभ्यानेच जेवले.

पुढच्या मंगळवारी मी साहेबांच्या खोलीत गेले ते त्यांची रांग थांबवूनच. शिफारस द्या म्हटलं. त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे बघून हसले.

"मॅडम, कमाल करता तुम्ही. त्या माणसाची पाठ इतकी दुखते? मी स्वतः त्याच्या हातचं भरीत खाल्लंय. तीन पंगती वाढल्या त्याने, एकदाही टेकला नाही. ज्याची पाठ दुखते तो आधी बसायला जागा शोधतो."

तळपायाची आग मस्तकात जाणे म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. मी म्हटलं, "साहेब, तो टेकला नाही कारण त्याला टेकता येत नाही. तुम्ही ज्या भरताचं कौतुक करताय ते त्याने तुम्हाला दुखणं लपवून वाढलंय."

"मग मला सांगत का नाही तो? मी विचारतो ना."

"तुम्ही विचारत नाही. तुम्ही हजेरी घेता."

दारापाशी उभा असलेला माणूस दोन पावलं मागे सरकला. साहेबांचा चेहरा लाल झाला. पण आवाज त्यांनी चढवला नाही, आणि त्याचा मला जास्तच राग आला. "तुम्ही बाहेर बसून लोकांना काय बोलायचं ते शिकवता, असं माझ्या कानावर आलंय," ते म्हणाले. "त्याला पुढच्या मंगळवारी आणा. मी स्वतः बघतो. पण तो जे सांगेल तेच मी मानणार."

शिकवते म्हणे. पाठ दुखते एवढं म्हणायला माणसाला शिकवावं लागतंय, याची लाज कुणाला वाटायला हवी होती? मला की त्या खोलीला? संध्याकाळी धुळ्याला परतताना पारोळ्यापर्यंत गाडीत मी एकटीच बडबडत होते. शेजारच्या बाईने शेवटी जागा बदलली.

मी आबांना फोन केला. म्हटलं, "आबा, एवढंच करा. जे आहे ते सांगा. साहेब विचारतील तेव्हा दुखतं म्हणा. मूत्रपिंडं जातील हो तुमची." मग म्हणाले, "सांगतो, ताई." फौजीचा शब्द आहे ना, असं मी विचारलं. हो म्हणाले. मला हायसं वाटलं.

मंगळवार आला. अक्कालाही आत घ्यायचं, या अटीवर मी अडून बसले होते, तेवढं साहेबांनी मान्य केलं. अक्का भिंतीला लागून उभी राहिली, मी तिच्याजवळ. आबा आत आले. उंबऱ्याच्या आत पाऊल पडलं आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांचा कणा सरळ झाला, टाचा जुळल्या, हनुवटी वर गेली.

"कैसे हो, हवालदार? कोई तकलीफ?"

"नहीं साब. ठीक हूँ साब."

मी डोळे मिटले. कपाळावर हात मारून घ्यायचा तेवढा बाकी होता. हा माणूस खोटं बोलत नव्हता, हे मला तेव्हाही माहीत होतं. त्याच्या तोंडून ते उत्तर आपोआप बाहेर पडत होतं, साहेब समोर असेपर्यंत त्याला दुसरं काही सुचूच शकत नव्हतं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात विजय होता असं म्हटलं तर अन्याय होईल. थोडी कीव होती, आणि ती मला जास्त झोंबली.

मग साहेबांना काय वाटलं कुणास ठाऊक. कदाचित माझी एकदाची खात्री पटवून द्यायची असेल. ते म्हणाले, "अच्छा. नीचे बैठो. पंगत में बैठते हैं, वैसे."

मी पुढे झाले. "साहेब, नको." पण हुकूम सुटला होता आणि आबांनी तो ऐकला होता. त्यांनी टेबलाची कड धरली नाही. भिंत धरली नाही. जसं सांगितलं तसे ते खाली गेले, एक गुडघा, मग दुसरा, आणि मांडी घालून फरशीवर बसले. चेहऱ्यावरचं रक्त उतरत गेलं. मिशांच्या वर घामाचे थेंब आले. नजर मात्र समोर, साहेबांच्या शर्टाच्या बटणावर.

"तकलीफ?"

"नहीं साब."

"उठो."

आबांनी हात फरशीवर टेकले. खांदे वर आले, पाठ आलीच नाही. पुन्हा प्रयत्न केला. तळहात घामाने फरशीवरून सरकला आणि ते एका कुशीवर कलले, तरी तोंडातून आवाज नाही. मग अगदी हळू म्हणाले, "अभी उठता हूँ साब."

इतकी वर्षं दुखण्यावर काम करणारी मी, मला पुढे व्हायचं सुचलं नाही. अक्का पुढे झाली. साहेबांच्या समोरून, परवानगी न विचारता. आबांच्या मागे जाऊन तिने आपला एक गुडघा त्यांच्या पाठीला लावला, दोन्ही हात काखेत घातले आणि कानाशी काहीतरी पुटपुटली. मग दोघं एकदम वर आले. बघणाऱ्याला कळावं की हे आज पहिल्यांदा होत नाहीये. आबा भिंतीला टेकले. अक्काने त्यांचा घाम पदराने पुसला आणि तशीच साहेबांकडे वळली.

"रोज सकाळे मी असंच उठाडस," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तुम्ही त्यासले इचारतस, त्या नही म्हणतस. त्या तुमले कधीच सांगतस नही. माले इचारा ना, साहेब. माले कधी कोनी इचारं नही."

साहेब खुर्चीतून उठले होते. कधी उठले ते मी पाहिलं नाही. त्यांनी खोलीतली एकुलती गादीची खुर्ची, स्वतःची, ओढत आणली आणि आबांच्या मागे ठेवली. आबा बसेनात. "बैठो" म्हणायला साहेबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. शेवटी मराठीत म्हणाले, "टेका थोडं." मग अक्काकडे वळून त्यांनी विचारायला सुरुवात केली. झोप किती लागते, चप्पल कोण घालून देतं, बागेतलं कोणतं काम सुटलं. अक्का सांगत गेली. तिची अहिराणी साहेबांना अडली की मी मराठीत सांगायचे, पण फारसं अडलं नाही. पुण्याची शिफारस त्याच बैठकीत झाली.

लोक मला म्हणतात, मग झालं ना काम, आता कशाला चिडता? झालं हो. पण एका माणसाला फरशीवर पाडून दाखवावं लागलं तेव्हा झालं, आणि पाडणाराच तपासणारा होता. आणि व्हरांड्यात अजून जी माणसं काठी भिंतीला टेकवून आत जातात, त्यांच्यापैकी किती जणांना मी असं पाडून दाखवू? बाहेर पडताना साहेब माझ्याशी एवढंच बोलले, "मलाही असंच शिकवलंय, मॅडम." मी त्यांच्याकडे पाहिलं. ते उभे होते, तेही ताठ. त्यांचं काय दुखतं ते मी विचारलं नाही, विचारायला हवं होतं असं आता वाटतं, पण त्या क्षणी माझ्यात तेवढी माया शिल्लक नव्हती.

आबा पुण्याला गेले, बऱ्याच दिवसांनी परत आले. पाठ नवी झाली असं कुणी समजू नये. असं दुखणं जात नाही, त्याच्याबरोबर राहायला शिकावं लागतं. पण गोळ्या खूप कमी झाल्या, मूत्रपिंडं सावरली, झोप लागायला लागली. एसटीत मात्र अजून उभेच येतात. सवय आहे म्हणतात.

दवाखान्यात आता पेशंटसाठी खुर्ची ठेवली आहे. साहेब "बसा" म्हणतात. निम्मे बसत नाहीत. बायकांना आत घेतात, पण मी तिथे असले तर. मी नसले की घेत नाहीत असं व्हरांड्यातून कळतं, आणि मग मी परत जाऊन भांडते. नवऱ्याने आता विचारणं सोडून दिलंय.

पुढच्या थंडीत पुन्हा आबांच्या मळ्यात भरीत. पंगतीच्या टोकाला या वेळी एक बाज टाकली होती, तिच्यावर आबा, समोर उंच पेटी आणि पेटीवर केळीचं पान. वाढायला अक्का आणि गावातली पोरं. पंगतीत कुजबुज होती. नाना मला म्हणालेच, "फौजी आते साहेब होई गया." चेष्टेत म्हणाले, पण त्यात थोडा विंचू होता. वर्षानुवर्षं जो सगळ्यांना वाढत होता तो पाहुण्यासारखा बाजेवर बसलाय, हे गावाला पचत नव्हतं. आबांच्याही कानावर ते गेलं. ते पानाकडे बघत बसले.

साहेब याही वर्षी पहिल्या पानावर होते. त्यांनी तिथूनच, मांडी घातलेल्या जागेवरून विचारलं. या वेळी हिंदीत नाही.

"आबा, कसं आहे?"

अख्खी पंगत आबांकडे बघायला लागली. मी बघितलं, त्यांचे खांदे सरळ व्हायला लागले. बाजेवर बसल्याबसल्या हनुवटी वर जायला लागली. ठीक आहे, एवढंच म्हणायचं होतं, सगळ्यांची सोय झाली असती. अक्का भरताचं पातेलं घेऊन त्यांच्यापाशीच उभी होती.

आबा म्हणाले, "दुखस, साहेब."

पंगतीत कुणाचाही हात तोंडाकडे गेला नाही. नाना खाली बघायला लागले.

अक्काने पातेलं जमिनीवर ठेवलं. "आखो एकदाव सांगा," ती म्हणाली.

आबांनी तिच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा सांगितलं.